बारावं नाव

सांगलीच्या कॉलेजात बापट सरांना पोरं पाठीमागे ‘मोजणीदार’ म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. भूगोल शिकवणारा हा सडसडीत माणूस नुसता हरिपूरच्या संगमावर मुलांना घेऊन गेला तरी निघताना मोजायचा, पोचल्यावर मोजायचा आणि शेंगा खाऊन उठल्यावर पुन्हा मोजायचा. असा माणूस अकरा पोरं घेऊन समुद्रापलीकडे निघाला म्हटल्यावर काय होणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. साल एकोणीसशे एकोणपन्नास, एप्रिलचा महिना. परीक्षा संपल्या होत्या आणि कॉलेजातून पहिल्यांदाच चार आठवड्यांची अभ्यास-सहल सिलोनला जायची होती. कँडीच्या एका कॉलेजात व्याख्यानं ऐकायची, त्रिंकोमालीचं बंदर बघायचं, पुन्हा कँडीला येऊन चहाचे मळे हिंडायचे आणि परतल्यावर प्रत्येकाने चाळीस पानी निबंध लिहायचा. निबंधाचं नाव निघालं की निम्म्यांचा उत्साह मावळायचा आणि सिलोन म्हटलं की परत यायचा.

अकरातला अकरावा आकाराम फडतरे. वडूजच्या अलीकडच्या एका खेड्यातला, घरात पहिलाच इंग्रजी शिकलेला. त्याला चहाच्या मळ्यांशी काडीचंही देणंघेणं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ हंबीरराव पलटणीत होता आणि पाच वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, त्याचं जहाज सिलोनच्या वाटेवर बुडालं होतं. सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ एवढाच शब्द आला. मेला असं कुणी लिहिलं नाही, जगला असंही लिहिलं नाही. त्या एका शब्दाच्या आधारावर हंबीररावाची बायको चंद्राबाई पाच वर्षं कपाळाला कुंकू लावत होती.

भावकीतली माणसं आताशा आडून बोलू लागली होती. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे गेलेला जीव मोकळा होतो आणि मागे राहिलेलेही मोकळे होतात, असं त्यांचं म्हणणं. सासू मनुबाई ऐकून घ्यायची आणि सुनेकडे बघायची. चंद्राबाई चुलीपुढे जाऊन बसायची. तिच्या कपाळावरचं कुंकू पुसायची छाती कुणाला होत नव्हती.

सहलीचं कानावर आलं तेव्हा मनुबाईने धाकट्याला साफ नाही म्हणून सांगितलं.

“एक गिळला समिंदरानं. आता दुसरा न्हेऊन घालू व्हय त्येच्या तोंडात?”

“जाऊ द्या, आत्याबाई,” चंद्राबाई म्हणाली. एरवी सासूपुढे ती असं बोलत नसे. “तितं मोटं दवाखानं हाईत म्हनं. आटवन गेल्याली मानसं वरसावरसं तितंच ऱ्हात्यात, नाव-गाव सांगता येत न्हाई त्यास्नी. भावजी बगत्याल. भावजी वळकत्याल.”

कुणाला ओळखतील, ते ती बोलली नाही. नवऱ्याचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नसतं, घ्यायचंच तर उखाण्यात, चार बायकांत लाजत. चंद्राबाईने लग्नात एकदा घेतलं होतं तेवढंच.

निघायच्या दिवशी ती आकारामला गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत पोचवायला आली. त्या विहिरीला कठडा नव्हता आणि शाळेची वाट अगदी तिच्या काठावरून जायची. लहानपणी आकाराम शाळेतून परतताना तिथे आला की रडायचा. मग हंबीरराव त्याचा हात धरून त्याच्या डाव्या अंगाने, विहिरीच्या बाजूने चालायचा. “मी हाय की रं हिकडं,” एवढंच म्हणायचा. पुढे रडं थांबलं, पण दोघं भाऊ कुठेही निघाले की थोरला डावीकडे, हे कायमचं ठरून गेलं.

“काय आसंल ते खरं सांगा, भावजी,” चंद्राबाई म्हणाली. “बरं-वाईट काय बी आसू द्या. पर खरं सांगा.”

आकाराम हो म्हणाला. विशीतला पोरगा, त्याला वाटलं आपण भाऊ घेऊनच परत येऊ.

मिरजेला गाडीत बसल्यापासून बापट सरांचं राज्य सुरू झालं. त्यांनी एक जाड पुठ्ठा घेतला होता आणि त्यावर अकरा नावं टाकाने ठळक लिहिली होती. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्याने गाडीत, बोटीत, मोटारीत चढायच्या आधी पुठ्ठ्यावरची नावं मोठ्याने पुकारायची, ज्याने त्याने ‘हजर’ म्हणायचं, आणि मग सर छत्रीचं टोक एकेकाच्या दिशेने नाचवत डोकी मोजायचे. हजेरी आणि डोकी जुळली तरच पाय उचलायचा. धनुष्कोडीच्या धक्क्यावर हजेरी चालली तेव्हा बाकीचे उतारू हसत होते. सरांना त्याचं काही नव्हतं.

पलीकडे पोचल्यावर इतर पोरांनी व्याख्यानं ऐकली, वह्या भरल्या, शहाळी प्यायली. आकारामने कोलंबोत दोन दवाखाने पालथे घातले, कँडीत एक. बापट सरांनी बोलून दाखवलं नाही, पण स्वतः त्याच्याबरोबर गेले आणि इंग्रजीत रदबदली केली. आठवण गेलेली माणसं होती, पण त्यात हंबीरराव नव्हता.

त्रिंकोमालीला गोदीतला एक म्हातारा कारकून भेटला. लढाईभर तो तिथेच कामाला होता. त्याने जहाजाचं ऐकलं, चष्मा काढला आणि इंग्रजीतच पण फार मायेने सांगितलं, “बाळ, त्या जहाजावरचे जे वाचले त्यांची नावं महिन्याच्या आत घरोघर कळवली. ज्यांची कळवली नाहीत ते सगळे पाण्यातच आहेत. आता शोधू नकोस.”

त्या दिवशी हजेरीची पाळी नेमकी आकारामची होती.

ऊन कलायला आलं होतं. धक्क्यावर दहा जण रांगेत उभे होते आणि स्टेशनवर न्यायला मोटार थांबली होती. आकारामने पुठ्ठा धरला, एकेक नाव घेतलं. दहा जणांनी ‘हजर’ म्हटलं. अकरावं त्याचं स्वतःचं, त्यालाही त्याने स्वतःच ‘हजर’ म्हटलं. पुठ्ठ्यावर पुढे काही लिहिलेलं नव्हतं. पण समोर ते निळं पाणी होतं, म्हाताऱ्याचं बोलणं कानात होतं, आणि पलटणीत रोज सकाळी भावाचं नाव असंच पुकारत असतील हे त्याच्या मनात आलं. त्याच्या तोंडून निघून गेलं,

“हंबीरराव दौलतराव फडतरे.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. वाऱ्याने पुठ्ठा फडफडला. वर्गात एखाद्याचं लक्ष नसतं, नाव कानावर जाऊन ‘हजर’ म्हणायला त्याला जरा वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे गप्प उभे राहिले. मग सरांनी छत्री उचलली.

“नऊ, दहा, अकरा, बारा.”

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा बारा. तिसऱ्यांदा डोळे पुसून मोजलं तेव्हा अकरा आले. “ऊन डोळ्यावर येतंय,” ते पुटपुटले आणि सगळ्यांना मोटारीत बसवलं.

तिथून हे सुरू झालं. कँडीच्या वसतिगृहात वाढप्याने केळीची पानं मांडली ती बारा. सर वेगळे जेवत, मुलं अकरा. एक पान काढ म्हटलं तर तो रांगेकडे बघून मान हलवायचा आणि आकारामच्या डावीकडच्या पानावर भात वाढून मोकळा व्हायचा. मळे बघायला निघाले की सर दोन-दोनदा मोजायचे, कपाळाला आठ्या घालायचे. आपल्याच मोजणीवरचा विश्वास उडालेला मोजणीदार बघवत नव्हता.

वाईचा गोपाळकृष्ण आकारामचा खोलीतला सोबती. तो एकदा रस्त्यातच थांबला.

“गड्या, तू असा वाकडा का चालतोस?”

“वाकडा कसला?”

“एवढा रुंद रस्ता सोडून उजवीकडच्या गटाराला चिकटून चालतोस. परवापासून बघतोय. डाव्या बाजूला कुणाला जागा सोडल्यासारखं.”

आकारामने खाली पाहिलं. खरंच त्याच्या डावीकडे एका माणसापुरती जागा सुटलेली होती. त्याने मुद्दाम तिकडे सरकायला पाऊल उचललं आणि त्याचा खांदा शहारला. गर्दीत कुणाला धक्का लागायच्या बेतात असला की शहारतो, तसा. तो परत गटाराच्या बाजूला आला. परतीच्या बोटीवर तर तो कठड्यापाशी जाऊ शकला नाही. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये सारा वेळ कुणीतरी होतं.

आता हे कुणाला सांगायचं? इंग्रजी शिकलेल्या पोराने सांगितलं तर लोक हसतील, आणि नाही सांगितलं तर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आधी त्याला बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. भाऊ जवळ आहे, एवढंच वाटलं होतं. पण दिवस गेले तसं ते जवळ असणं गार पडत चाललं. डावा हात सकाळी उठला की बधिर असायचा. कान त्या बाजूने कमी ऐकू लागला, त्यात आत कुठेतरी पाणी गेल्यासारखं. जेवणाला मिठाची चव एवढी लागायची की चार घासांत तो उठायचा. परतीच्या गाडीत सरांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

सांगलीला परतल्यावर कॉलेजच्या पायऱ्यांवर सहलीचा फोटो काढायचा होता. फोटोवाला भर दुपारी काळ्या फडक्यात डोकं घालून उभा राहिला.

“मागच्या रांगेत, अगदी डावीकडचे, जरा आत सरका,” तो आतून ओरडला. “तुम्ही नाही हो, तुमच्या पलीकडचे. ते पलटणवाले.”

आकारामच्या पलीकडे कुणी नव्हतं. फोटोवाल्याने फडक्यातून डोकं बाहेर काढलं, पाहिलं, आणि परत फडक्यात शिरून फोटो काढला. दोन दिवसांनी फोटो आला. त्यात अकराच मुलं होती आणि मधोमध सर. फक्त मागच्या रांगेत आकाराम जो उभा होता तो एका अंगाला झुकून, डावीकडे ऐसपैस जागा ठेवून. एवढ्या दाटीत ती मोकळी जागा बघून गोपाळकृष्णाने फोटो पालथा घातला.

“घरी जा,” तो म्हणाला. “आईला सांग. आमच्या वाईलाही लांबून आलेल्या माणसावरून तुकडा टाकतात. तुझी आई जुनी आहे, तिला कळेल.”

आकारामला ते पटलं. त्याच्या घरी तर कुणी चार गावं ओलांडून आलं तरी उंबऱ्याबाहेर थांबवायचे. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी त्याच्यावरून ओवाळून लांब टाकायचं, म्हणजे वाटेत जे मागे लागलं असेल ते तुकड्यापाशी थांबतं आणि तिथूनच माघारी जातं. लहानपणी तो या प्रकाराला हसायचा. आता रहिमतपूरला गाडीतून उतरेपर्यंत तो त्याच एका तुकड्याची वाट बघत होता. आई ओवाळेल आणि हे सुटेल, असं मनात आलं की लगेच दुसरा विचार यायचा की जे सोडवून घ्यायचं ते म्हणजे आपला दादा. त्याला स्वतःची लाज वाटली आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

वडूजच्या मोटारीत भाऊसो नावाचा ओळखीचा कंडक्टर होता. गर्दी होती. एक म्हातारी आकारामशेजारच्या मोकळ्या जागेवर बसायला गेली तर भाऊसोने तिला हटकलं, “आवं म्हातारे, तितं मानूस बसलाय न्हवं?” म्हातारीने पाहिलं, “व्हय की,” म्हणाली आणि पुढे जाऊन उभी राहिली.

दिवेलागणीला तो दारात पोचला. मनुबाई तुकडा आणि तांब्या घेऊन तयारच होती. मागे चंद्राबाई दिवा धरून उभी. पोराचा चेहरा बघून आई उंबऱ्यापाशी पुढे आली.

“आसा पांढराफटक का पडलास रं?”

आकारामला राहवलं नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं. म्हातारा कारकून काय म्हणाला ते, धक्क्यावर आपण बारावं नाव कसं पुकारलं ते, आणि तेव्हापासून डाव्या अंगाला कोण चालतंय ते. सांगताना तो हमसून हमसून रडत होता.

“आई, ओवाळ लवकर,” तो म्हणाला. “हात बधिर झालाय माझा.”

मनुबाईने तुकडा उचलला. तो वर जातोय तोच चंद्राबाईने तिचं मनगट धरलं.

“थांबा, आत्याबाई.”

“सोड हात. ह्यो एक उरलाय माजा.”

“पाच वरसं ह्या उंबऱ्याकडं बगत बसलीया मी,” चंद्राबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “येवड्या लांबनं घरला आल्यालं मानूस तुमी कुत्र्याच्या तुकड्यावर माघारी लावताय?”

“आगं, त्यो आला आसंल तर मानूस म्हनून न्हाई आला.”

“ठावं हाय मला.”

“त्येला आत घेतलास तर...” मनुबाईची नजर सुनेच्या कपाळावर गेली. “मग तुजं कुकू गं?”

“त्ये बी ठावं हाय.”

मनुबाई बाजूला सरून खाली बसली. तुकडा तिच्या मुठीतच राहिला. चंद्राबाईने दिवा कोनाड्यात ठेवला, तांब्या घेतला आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडापाशी आली. आधी आकारामच्या पायांवर पाणी घातलं. मग त्याच्या डावीकडे सरकून तिने मोकळ्या दगडावर धार धरली, सावकाश, पदर सावरून. आकारामने बघितलं. सगळा दगड भिजला, पण मधोमध दोन पावलांएवढी जागा कोरडी राहिली होती. चंद्राबाई दारासमोरून बाजूला झाली. क्षणभराने त्या दोन कोरड्या जागांवरही पाणी पसरलं.

आकारामचा डावा हात जिवंत झाला. मुंग्या आल्या, कळ आली, आणि त्या कळेने तो ओरडला.

आत येऊन चंद्राबाईने सासूचं, दिराचं आणि नवऱ्याचं अशी तीन ताटं केली. चुलीवर हुलग्याचं माडगं होतं, ते हंबीररावाच्या आवडीचं. भिंतीकडच्या पाटासमोर तिने भाकरी चुरून ठेवली, वर माडगं ओतलं आणि ती समोर बसली. मनुबाई खांबाला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती. ताटातली वाफ सरळ वर जात होती, ती वाकली आणि थांबली.

बऱ्याच वेळाने चंद्राबाई म्हणाली, “भावजी, त्या बंदरावर नाव घेतलासा तसं घ्या. मला घेता येत न्हाई.”

आकारामने म्हटलं, “हंबीरराव दौलतराव फडतरे.”

धक्क्यावर जेवढा वेळ गेला होता तेवढाच गेला.

“हजर हाईत,” चंद्राबाई म्हणाली.

मग तिने ताटापुढे डोकं टेकलं आणि उठून दिव्यापाशी गेली. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला भावकीतल्या बायका येतात, तो रिवाज असतो. तिने कुणाची वाट बघितली नाही. पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ स्वतःच्या हाताने पुसलं. पुसताना ती एवढी रडली की मनुबाई आपलं रडं विसरून तिला धरायला धावली. सासूच्या खांद्यावरून ती भिंतीकडच्या पाटाला म्हणाली, “हंबीरराव, जेवलासा न्हवं? आता इसावा घ्या.” आकारामने तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच ऐकलं.

चौथ्या दिवशी भटजींना बोलावून पळसाचा पुतळा केला. पानं चंद्राबाईने माळावरून स्वतः तोडून आणली होती. अग्नी आकारामने दिला. सगळं आटोपून माणसं परतली ती विहिरीच्या वाटेने. भावकी पुढे गेली. मागे आकाराम आणि दोघी बायका राहिल्या. आकाराम सवयीने उजवीकडच्या बांधाला चिकटून चालला होता. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं आणि तो वाटेच्या मध्यावर आला. खांदा शहारला नाही, कुणाला धक्का लागेल असं वाटलं नाही. डावीकडे वाट संपली होती आणि खाली पाणी होतं.

एवढ्या वर्षांनी त्याला त्या विहिरीची पुन्हा भीती वाटली. पाय जागच्या जागी थांबले. मागून वहिनीची पावलं आली तशी तो कसाबसा डावीकडे सरकला आणि तिला आतल्या बाजूने चालायला वाट दिली.